दगडाचा शेजार

रामसेसच्या पायाशी पोचल्यावर आईला पहिल्यांदा दिसली ती दगडातली रेघ. वीस मीटर उंचीचे चार राजे डोंगराला पाठ लावून बसलेले, वर फेब्रुवारीचं निळं आकाश, पाठीमागे नजर पोचेल तिथवर पाणी. आणि आई मान वर करायच्या आधी हाताच्या उंचीवरचा दगड न्याहाळत होती. आयुष्यभर तिने गोधड्या शिवल्या आहेत. एक ठिगळ कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे तिला लांबूनही कळतं. मला जवळ बोलावून म्हणाली, "अगं, ही शिवण हाय. कुणीतरी उसवून पुन्हा शिवलंय हे."

इजिप्तमधल्या अबू सिम्बेलच्या मंदिराबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं, पण इतक्या नेमक्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. हे मंदिर खरोखरच उसवून पुन्हा शिवलेलं आहे.

मी स्थापत्य अभियंता आहे. पुण्यात शिकत असताना आमच्या एका सरांनी अख्खा तास या मंदिराच्या स्थलांतरावर घेतला होता. तेव्हापासून इथे यायचं मनात होतं. वडील गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी ते जमलं. आईला घरी एकटं ठेवायचं नव्हतं, आणि तिलाही यायचं होतं. कैरो, गिझा, लक्सर, अस्वान असा बारा दिवसांचा बेत आखला. पिरॅमिड पाहिले, कर्नाकच्या १३४ खांबांच्या दालनात फिरलो, राजांच्या दरीतल्या थडग्यांमधले रंग पाहून थक्क झालो. त्या सगळ्याविषयी इतरांनी भरपूर आणि चांगलं लिहिलं आहे. मला लिहायचं आहे ते अबू सिम्बेलविषयी, कारण आमच्या घरात लहानपणापासून ज्या गोष्टीचा सल आहे तिचं नाव मला तिथे सापडलं.

आमचं गाव उजनी धरणाच्या फुगवट्यात गेलं. इंदापूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं गाव. माझा जन्म नव्या गावठाणातला. जुनं गाव मी पाहिलेलं नाही, पण त्याच्याविषयी ऐकल्याशिवाय एक दिवस गेलेला नाही. उन्हाळ्यात पाणी हटलं की पळसदेवचं पळसनाथाचं हेमाडपंती मंदिर वर येतं, आणि लोक होड्या करून ते बघायला जातात. वर्तमानपत्रांत फोटो येतात. त्या मंदिराभोवती जे गाव होतं त्याचा फोटो येत नाही, कारण फोटो काढण्याजोगं तिथे काही उरलेलं नाही. मातीच्या भिंती पाण्यात टिकत नाहीत.

अबू सिम्बेलला काय घडलं ते आधी सांगते. नाईलवरच्या अस्वानच्या मोठ्या धरणाचं काम ९ जानेवारी १९६० रोजी सुरू झालं आणि १९७० मध्ये संपलं. धरणामागे सुमारे ५०० किलोमीटर लांबीचा जलाशय तयार होणार होता, अस्वानपासून थेट सुदानच्या आत शिरणारा. या पट्ट्याला नूबिया म्हणतात. पाण्याखाली जाणाऱ्या देवळांसाठी युनेस्कोने ८ मार्च १९६० रोजी साऱ्या जगाला हाक दिली, आणि पन्नासच्या आसपास देश पैसे, माणसं, यंत्रं घेऊन धावून आले. वीसहून अधिक वास्तू हलवल्या गेल्या. त्यांत सगळ्यांत अवघड काम अबू सिम्बेलचं. इसवीसनापूर्वीच्या तेराव्या शतकात दुसऱ्या रामसेसने करवून घेतलेलं हे मंदिर बांधलेलं नाही. वेरूळच्या कैलासासारखं ते अखंड डोंगरात कोरलेलं आहे. बांधलेल्या देवळाचा एकेक दगड उतरवता येतो. कोरलेल्या देवळाला सांधेच नसतात, ते उतरवणार कुठून?

सुचवण्या बऱ्याच आल्या. मंदिराभोवती कायमचा मातीचा बांध घालावा असं एकांचं म्हणणं. डोंगराचा तो भाग अखंड कापून जॅकवर हळूहळू उचलावा, असं इटालियन तज्ज्ञांचं. चंदीगडच्या उभारणीत काम केलेले मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांनी वेगळाच विचार मांडला होता: मंदिर पाण्यातच राहू द्यावं, त्याच्याभोवतीचं पाणी स्वच्छ ठेवावं आणि लोकांनी ते खाली उतरून काचेतून पाहावं. शेवटी स्वीडिश अभियंत्यांची योजना मान्य झाली. डोंगर कापायचा, ठोकळे करायचे आणि वर नेऊन जसेच्या तसे लावायचे.

आमच्या सरांनी फळ्यावर जे काढून दाखवलं होतं ते सगळं आता समोर होतं. पाणी चढत होतं म्हणून आधी तात्पुरता बांध. मग दर्शनी भागावर वाळूचा ढिगारा, वरून दगड पडले तर राजांच्या चेहऱ्यांना इजा होऊ नये म्हणून. मग डोक्यावरचा डोंगर काढून टाकायचा. इथला वालुकाश्म इतका ठिसूळ की उचलताना हातात चुरा यायचा, म्हणून त्यात राळेसारखं रसायन भरून तो घट्ट केला. मागच्या बाजूला यंत्रांनी कापलं तरी चालणार होतं. पण जिथे कोरीवकाम आहे, जिथे माणसाची नजर जाणार आहे, तिथे हातकरवतीने. कापाची रुंदी काही मिलिमीटरच्या पुढे जाऊ द्यायची नाही. संगमरवर कापण्यात पिढ्या घालवलेले कारागीर इटलीतल्या करारा भागातून आणले होते. दोन्ही मंदिरांचे मिळून हजाराहून अधिक ठोकळे झाले, त्यांतले कित्येक वीस-वीस टनांचे. ते जुन्या जागेपासून ६५ मीटर उंचावर आणि सुमारे २०० मीटर मागे नेले, काँक्रीटचे घुमट बांधून त्यांवर नवा डोंगर रचला आणि २२ सप्टेंबर १९६८ रोजी मंदिर लोकांना खुलं झालं. खर्च सुमारे चार कोटी डॉलर.

या सगळ्यात माझं मन कायम एका साध्या गोष्टीपाशी अडतं. प्रत्येक ठोकळ्यावर क्रमांक घातला होता. लोक तो क्रमांक म्हणजे दगडाचं नाव समजतात. तसं नाही. अभियंत्याच्या लेखी तो क्रमांक म्हणजे पत्ता असतो: या दगडाच्या वर कोण, खाली कोण, डावीकडे कोण, उजवीकडे कोण. नुसता दगड वाचवून उपयोग नव्हता. हजार दगड सुखरूप वर नेले असते आणि भलत्याच क्रमाने रचले असते, तर एकही दगड फुटला नसता आणि तरी मंदिर नष्ट झालं असतं. त्या लोकांनी खरं तर दगडांचा शेजार वाचवला.

तो किती बारकाईने वाचवला, ते प्रवेशद्वाराच्या डाव्या अंगाला दिसतं. तिथल्या राजाचं डोकं आणि छाती प्राचीन काळी भूकंपात कोसळून पायाशी पडली होती. स्थलांतराच्या वेळी ते तुकडे पुन्हा धडावर बसवायची संधी होती. बसवले नाहीत. वर नेऊन, खाली जसे पडले होते तसेच, त्याच अंतरावर ठेवले. पडझडीलाही तिचा इतिहास असतो हे त्यांनी मानलं. त्याच राजाच्या पायावर इसवीसनापूर्वीच्या सहाव्या शतकात इथून गेलेल्या भाडोत्री ग्रीक सैनिकांनी आपली नावं खरडली आहेत. आज कुणी असं केलं तर आपण त्याला दंड करू. पण अडीच हजार वर्षांनी ती नावंही ठोकळ्यांबरोबर वर आली. गाभाऱ्यात चार मूर्ती आहेत. वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या सकाळी, सूर्याचा किरण साठेक मीटर आत शिरून त्यांतल्या तिघांच्या अंगावर पडतो; चौथा प्ताह, त्याचा संबंध पाताळाशी, तो अंधारात राहतो. नव्या जागीही हा किरण तसाच पोचतो. दगडाचा सूर्याशी असलेला संबंधसुद्धा माणसांनी जपला.

मला या कामाविषयी अपार आदर आहे, आणि पुढे जे लिहिणार आहे त्याने तो तसूभरही कमी होत नाही. याच मोहिमेतून पुढे १९७२ चा जागतिक वारशाचा करार आला. अजिंठा आणि वेरूळ १९८३ साली त्या वारशाच्या यादीत गेली. एका देशातलं देऊळ सगळ्या माणसांचं असतं, ही कल्पना इथे प्रत्यक्ष राबवली गेली.

आई मंदिराच्या आतून बाहेर आली, सावलीला टेकली आणि डब्यातली दशमी आणि शेंगाची चटणी आमच्या वाटाड्यापुढे धरून मला म्हणाली, "त्याला इचार की, देऊळ हाय म्हंजी गाव असणारच. गाव कुठं नेलं?"

वाटाड्या पस्तिशीचा नूबियन तरुण होता. आईला तो 'हाज्जा' म्हणायचा, तिकडे वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं. मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. त्याने हाताने उत्तर दिशा दाखवली. म्हणाला, "कोम ओम्बोच्या बाजूला. तिथे पण एक अबू सिम्बेल आहे. बल्लाना आहे, तोश्का आहे. सगळी नावं नेली."

ऑक्टोबर १९६३ ते जून १९६४ या काळात इजिप्तमधल्या सुमारे ५०,००० नूबियन लोकांना बोटींनी आणि गाड्यांनी अस्वानच्या उत्तरेला कोम ओम्बोजवळ नेलं गेलं. जवळपास तितकेच लोक सुदानमधल्या वादी हाल्फा भागातून उठले आणि शेकडो किलोमीटर दूर खश्म एल-गिर्बाला गेले. म्हणजे मंदिराच्या दगडांवर क्रमांक घालण्याची तयारी चालू होती त्याच हिवाळ्यात, त्याच काठावरून, माणसं बोटीत चढत होती. नूबियन लोकांना पाण्याने हलवण्याची ही पहिली वेळही नव्हती. अस्वानचं जुनं धरण १९०२ मध्ये झालं, १९१२ आणि १९३३ मध्ये त्याची उंची वाढवली. दर वेळी खजुरीची झाडं आणि काठची गाळाची जमीन बुडाली, दर वेळी लोकांनी घरं उतारावर आणखी वर बांधली आणि पुरुष कैरो-अलेक्झांड्रियाला स्वयंपाकी, दरवान म्हणून नोकरीला गेले. जमीन गेली आणि गडी मुंबईला गेला, ही गोष्ट आपल्याकडच्या कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.

नव्या जागी वाटप कसं झालं, ते महत्त्वाचं आहे. घरं एक खोलीची, दोन खोल्यांची, तीन, चार अशी बांधली होती, आणि एकेका आकाराची घरं एकेका भागात. ज्याच्या घरात जितकी माणसं तितक्या खोल्या. कागदावर हे न्याय्यच दिसतं. पण त्याचा परिणाम असा की मुलांचा गोतावळा असलेला भाऊ एका टोकाला आणि एकटी राहिलेली म्हातारी आई दुसऱ्या टोकाला गेली. पिढ्यान्‌पिढ्या एका अंगणाला अंगण लावून राहिलेली माणसं खोल्यांच्या संख्येने विभागली गेली. जुनी घरं ऐसपैस होती, दर्शनी भिंतीवर रंगकाम आणि मधोमध चिनी मातीच्या बशा जडवलेल्या. दार नाईलकडे तोंड करून. नवी घरं रांगेत होती आणि तिथून नाईल दिसत नव्हती. पहिल्या वर्षात लहान मुलं आणि म्हातारी माणसं फार दगावली.

वाटाड्याने आपल्या आजीची गोष्ट सांगितली. तिकडे कबरीवर पाण्याचं भांडं ठेवायची रीत आहे. निघायच्या दिवशी आजी सासऱ्याच्या कबरीवरचं भांडं काठोकाठ भरून आली आणि बोटीत बसल्यावर कितीतरी वेळ एकच बोलत राहिली, की उद्यापासून ते कोण भरणार. आईला मी हे मराठीत सांगितलं. तिने त्याच्या हातावर आणखी एक दशमी ठेवली.

गावाची नावं नेली, क्रमही बराचसा तोच ठेवला. फक्त गावाच्या आतला शेजार नेला नाही.

हाच तो शब्द, जो मला इतकी वर्षं सापडत नव्हता. आमच्याकडे नव्या गावठाणातले प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले. त्यातही कुणाचा पक्षपात होऊ नये हाच हेतू होता. जुन्या घरात आईच्या आणि शेजारच्या कुंभारवाड्यातल्या काकूंच्या स्वयंपाकघरांमध्ये एक सामाईक भिंत होती, आणि त्या भिंतीत आरपार कोनाडा होता. त्यातून विस्तव जायचा, विरजण यायचं, आणि सांजेला तोंड न दाखवता दोघींचं बोलणं व्हायचं. आई लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा विशीची होती. सासरच्या गावात तिचं सगळ्यांत आधी जमलं ते त्या कोनाड्याच्या पलीकडच्या बाईशी. पुढे काकूंच्या घराला जमीन दुसऱ्या तालुक्यात मिळाली. गाव तीन ठिकाणी फुटलं. तेव्हापासून आजवर त्या दोघी दोनदा भेटल्या आहेत, दोन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नात. घराचा मोबदला मिळाला, उशिरा आणि कमी, पण मिळाला. कोनाड्याचा मोबदला कुणी मागितला नाही आणि देणाऱ्यालाही तो सुचला नाही, कारण पंचनाम्याच्या कागदात त्याला रकाना नव्हता. भिंती, लाकूड, कौलं, झाडं, विहीर. प्रत्येक वस्तू एकेकटी मोजली. दगड मोजावेत पण क्रमांक घालू नयेत, तसं.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते मी स्वतःशीच पुष्कळदा घेतले आहेत.

पहिला: धरणं नकोत का? हवी आहेत, असंच मी म्हणेन. अस्वानच्या धरणाने इजिप्तचा पूर आणि दुष्काळ दोन्ही आटोक्यात आणले. उजनीच्या पाण्यावर सोलापूर जगतं, ऊस उभा आहे. ज्या काठावर आमची जमीन गेली त्याच पाण्यावर माझ्या चुलत्यांची आजची शेती आहे, आणि पाणी हटल्यावर गाळपेर करून घर चालवणारी कुटुंबंही मी जवळून पाहिली आहेत. आईसुद्धा रडगाणं गात नाही. नव्या गावठाणात वीज होती, शाळा जवळ होती आणि डोक्यावरून घागरी वाहणं थांबलं, हे ती स्वतःहून सांगते. मी शिकले ती नव्या गावठाणातून.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. माणूस म्हणजे दगड नव्हे. दगड ठेवला तिथे राहतो, माणसाला इच्छा असते. कुणाला भावापासून वेगळं व्हायचं असतं, कुणाला शेजाऱ्याचं तोंड नको असतं. तेव्हा शेजार जसाच्या तसा उचलणं ही सक्तीच ठरेल. हे खरं आहे. पण म्हणून काय करायला हवं होतं? विचारायला हवं होतं. "तुम्हाला कुणाशेजारी राहायचंय?" हा एक प्रश्न. दगडाला विचारता येत नाही, तरी त्याचा शेजार चार वर्षं खपून शोधून काढला. माणसाला विचारता येतं, आणि विचारलं नाही. ज्ञान कमी नव्हतं, पैसा कमी नव्हता, सद्भावही कमी नव्हता. माणसांच्या वस्तीलाही सांधे असतात आणि ते जपायचे असतात, हे फक्त कुणाच्या कामाच्या यादीत नव्हतं. पुनर्वसनाचा कायदा करणाऱ्या पहिल्या राज्यांपैकी महाराष्ट्र एक, १९७६ चा कायदा. त्याने जमिनीचा हक्क दिला आणि तो मोठाच हक्क आहे. शेजाराचा हक्क त्याच्याही नजरेतून सुटला.

गोव्यातलं उदाहरण याहून बोलकं आहे. सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव साळावलीच्या धरणाखाली गेलं. तिथलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड दगड उतरवून सुमारे १७ किलोमीटरवर नेऊन पुन्हा उभं केलं. अबू सिम्बेलसारखंच, तितक्याच चिकाटीने. गाव मात्र इतरत्र वसवलं. दर मे महिन्यात पाणी उतरतं, घरांची जोती वर येतात, आणि कुर्डीचे लोक येऊन आपापल्या जोत्यावर उभे राहतात, देवाचा उत्सव करतात, चॅपलमध्ये प्रार्थना होते. मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. त्यांच्या आडनावात ते गाव आजही कोरडं आहे.

नूबियातही एका गायकाने असंच गाव सांभाळलं. हम्झा अल दिन हा तोश्काचा, शिक्षणाने अभियंता. धरणाची वार्ता कळल्यावर तो गावोगाव फिरला, लोकांना येणाऱ्या पाण्याची कल्पना देत आणि त्यांची गाणी गोळा करत. पुढे तो साऱ्या जगात ऊद वाजवत हिंडला. १९७१ मध्ये त्याने जी ध्वनिमुद्रिका काढली तिचं नाव नूबियन भाषेतला रहाट, 'एस्कालाय'. आणि हेही सांगायला हवं की माणसांची नोंद कुणीच केली नाही असं नाही. कैरोच्या अमेरिकन विद्यापीठाने रॉबर्ट फर्निया यांच्या नेतृत्वाखाली स्थलांतराच्या अगदी आधीच्या वर्षांत नूबियन गावांची पाहणी केली. घरं, नाती, लग्नं, शेती, सगळं टिपलं. पुढे १९९७ मध्ये अस्वानला नूबिया संग्रहालय उघडलं. इजिप्तच्या २०१४ च्या राज्यघटनेतल्या २३६ व्या कलमात नूबियन लोकांना दहा वर्षांत मूळ भागात परत नेण्याचं वचन आहे. ती दहा वर्षं संपली, वचन पुरं झालं नाही. पण ते मागण्यासाठी लोकांच्या हातात काहीतरी आहे: कुठे काय होतं त्याची नोंद. उजनीकाठच्या आमच्या लोकांच्या हातात काय आहे? सातबाराचे उतारे आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी.

त्या रात्री अस्वानच्या हॉटेलात मी आईपुढे टेबलावरचा कागद ठेवला आणि गावाचा नकाशा काढायला सांगितलं. ती म्हणाली, मला कुठं येतंय. मग तिने आधी नदी काढली, एक वाकडी रेघ. मग घाट. मग मारुतीचा पार, चावडी, आणि पारापासून निघणारी आळी. त्यानंतर तिचा हात थांबला नाही. घराला चौकोन काढायची आणि दार कुठल्या अंगाला ते रेघेने दाखवायची. माझ्या लक्षात आलं, ती घरं नावाने आठवत नव्हती, शेजाराने आठवत होती: पाटलाच्या वाड्याला लागून तेली, तेल्याच्या मागं आपली म्हसरं बांधायची जागा, तिच्या पल्याड कुंभार. एका जागी अडली. दोन घरांच्या मधे आणखी एक घर होतं की नुसता बोळ होता, आठवेना. रात्री अकराला तिने भारतात माझ्या काकूला, म्हणजे तिच्या धाकट्या जावेला, फोन लावायला सांगितला. तिकडे अडीच वाजले होते. काकू उठली, ऐकलं आणि झोपेतच म्हणाली, "बोळ नव्हे गं, बाळंतपणं करायची ती म्हातारी राहायची न्हाई का." मग दोघी तासभर बोलल्या. शेवटी एकूण ४३ चौकोन झाले, त्यांतल्या तीन घरांत कोण राहायचं ते दोघींनाही आठवलं नाही. परत आल्यावर आम्ही कुंभारवाड्यातल्या काकूंकडे तो कागद घेऊन गेलो. त्यांनी एक घर सांगितलं. दोन राहिली.

उजनी भरली तेव्हा जे विशीचे होते ते आज सत्तरीत आहेत. कोयना, पानशेत यांच्या काठची ती पिढी तर बहुतेक गेलीच. सरकारने हे काम करावं असं मला वाटतं. प्रत्येक जिल्ह्यात, प्रत्येक बुडीत गावासाठी, जुन्या माणसांना एकत्र बसवून घरनिहाय नकाशा करावा आणि तो ग्रामपंचायतीत टांगावा. पण वाट पाहायला वेळ नाही. तुमच्या घरात, शेजारात, नात्यात असं एखादं माणूस असेल तर त्याच्यापुढे एक मोठा कागद ठेवा. आधी नदी काढायला सांगा, बाकीचं आपोआप येतं. कुणाच्या शेजारी कोण, एवढंच विचारत राहा. आणि जमलं तर त्यांना एकदा काठावर घेऊन जा. उजनीचं पाणी मे महिन्यात सगळ्यांत खाली असतं.